अँड्रोमेडा म्हणजे आपली देवयानीच का? दोघींची गोष्ट एकच आहे का?

नाही हो, आकाशातला तारकासमूह एक, गोष्टी दोन. शाळेत असताना मी पण हाच घोळ घातला होता.

अँड्रोमेडा ही ग्रीक कथेतल्या इथिओपियाच्या राजाची, सेफियसची मुलगी. आई कॅसिओपिया एकदा बोलून गेली की सागरकन्यांपेक्षा आम्हीच देखण्या, झालं, समुद्रदेव पोसायडन भडकला, त्याने एक अक्राळविक्राळ जलचर सोडला आणि राज्य वाचवायला पोरीला खडकाला साखळदंडाने बांधलं. बडबड आईची, शिक्षा लेकीला! मेड्युसा या केसांच्या जागी साप असलेल्या राक्षसीला मारून परत निघालेल्या पर्सियस या वीराने तिला सोडवलं आणि लग्न केलं.

मराठी तारानकाशात पर्सियस झाला ययाती, कॅसिओपिया शर्मिष्ठा आणि सेफियस वृषपर्वा. पण नाती पार विस्कटली, कारण तिकडची आई इकडे सवत झाली आणि वृषपर्वा तर शर्मिष्ठेचा बाप, देवयानीचा बाप शुक्राचार्य. जुळतं ते एवढंच की ययातीने पण देवयानीला विहिरीतून हात धरून वर काढलं होतं.

नाटकाचं तर भारीच आहे. ग्रीक नाटककार युरिपिडीसने इ.स.पू. ४१२ मध्ये 'अँड्रोमेडा' केलं, त्यात ती बांधलेली रडतेय आणि गुहेतून फक्त प्रतिध्वनी उत्तर देतोय. पुढच्याच वर्षी विनोदी नाटकं लिहिणाऱ्या अ‍ॅरिस्टोफेनीसने आपल्या नाटकात त्याची टर उडवली, बायकी कपडे घातलेला एक म्हातारा फळीला बांधलेला आणि प्रतिध्वनी त्याचं डोकं खातोय. मूळ नाटक हरवलं, तुकडे उरलेत, टवाळी मात्र आख्खी टिकली.

आता खगोल. या तारकासमूहात जी दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, आहे ती पर्शियन खगोलशास्त्रज्ञ अल सूफीने इ.स. ९६४ च्या सुमाराला छोटा ढग म्हणून नोंदवली होती. १९२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबलला तिच्यात सेफीड प्रकारचा तारा सापडला, म्हणजे ज्याचा उजेड ठराविक लयीत कमी-जास्त होतो आणि त्या लयीवरून अंतर काढता येतं असा, आणि ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे पक्कं झालं. आज अंतर धरतात साधारण २५ लाख प्रकाशवर्षं. गंमत म्हणजे सेफीड हे नाव सेफियसमधल्या एका ताऱ्यावरून आलंय, म्हणजे पोरीचं अंतर बापाच्या नावाच्या मोजपट्टीने मोजलं!

बघायचीय तर नोव्हेंबरात अमावास्येच्या आसपास, शहराबाहेर. भाद्रपदा नक्षत्रांच्या चार ताऱ्यांच्या मोठ्या चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातून ताऱ्यांची ओळ निघते, तिच्यातल्या मिराक नावाच्या ठळक ताऱ्यापासून शर्मिष्ठेच्या बाजूला दोन फिकट तारे मोजा, दुसऱ्याच्या शेजारीच आहे. फोटोतल्यासारखं काही दिसणार नाही, काचेवर बोट पुसल्यासारखा डाग दिसतो, आणि तो सुद्धा थेट न बघता जरा बाजूला नजर ठेवली की.