सही वडिलांचीच हवी

बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन दोन महिने झाले, उजवा हात अजून उचलत नाही, बोलणे अडखळते. आईचे नाव वडिलांच्या लष्करी पेन्शनच्या कागदावर एक आणि आधार कार्डावर दुसरे. कुणी एजंट पंधरा हजारांत 'सगळे करून देतो' म्हणतो. आणि तुझ्या आत्या म्हणतात की माणूस अंथरुणावर असताना त्याच्या मागे काय मिळणार याची चौकशी करणे अभद्र आहे. शेवटी तू विचारले आहेस, 'काका, थोडे दिवस थांबू का?'

थांबू नकोस. तुमच्या घरातली माणसे पैशाला हपापलेली नाहीत हे मला ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. आईच्या नावाची दुरुस्ती वडिलांच्या हयातीत आणि वडिलांच्या सहीने व्हायला हवी. हे वाक्य या पत्रात पुन्हा पुन्हा येईल; कंटाळा आला तरी वाच.

लष्कराला सैनिकाची बायको ठाऊक असते ती त्याने सांगितली तेवढीच. लग्न करून रजेवरून परतलेला जवान क्लार्कसमोर उभा राहून बायकोचे नाव आणि लग्नाची तारीख सांगतो, त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवानोंदीत चढणारा आदेश, निघते, आणि तेच नाव पुढे निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकात आणि पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, म्हणजे पीपीओवर, उतरते. मी स्वतः पलटणीत क्लार्क होतो, अशी शेकडो नावे या हाताने लिहिली आहेत. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितो. तुझ्या वडिलांनी क्लार्कला सांगितले ते हे तांदळातले नाव. प्रत्यक्षात त्या नावाने तुझ्या आईला पुन्हा कुणी हाक मारली असेल असे मला वाटत नाही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव राहिले, रेशनकार्डावर कन्नडमध्ये त्यालाच 'अव्वा' जोडले गेले, आणि आधार काढताना पुढे केले ते रेशनकार्ड. एकाच बाईची ही तीन नावे गावात कुणाला अडत नाहीत, कारण गाव तिला मिलिटरीवाल्यांची बायको म्हणून ओळखते. संगणकाला तशी ओळख नसते. जन्मतारखेचेही तेच झालेले असणार. दाखल्यावर मास्तरांनी घातलेली १ जून, आधारावर १ जानेवारी, आणि लष्कराकडे नुसतेच साल.

आज तुझे वडील एका अर्जात सांगू शकतात की ही तीन नावे माझ्या बायकोचीच आहेत. त्यांच्या मागे फॅमिली पेन्शनसाठी हेच आईला सिद्ध करावे लागेल. आत्यांना ज्याची भीती वाटते ते बोलणेच नको असेल तर त्यांना एवढेच सांग की आम्ही आईचे नाव दुरुस्त करतो आहोत. ते खरेही आहे.

माझ्या घरातले सांगतो, म्हणजे मी इतका हट्टाला का पेटतो ते कळेल. माझे थोरले बंधू मराठा लाइट इन्फंट्रीतून नाईक म्हणून निवृत्त झाले. वहिनींचे नाव त्यांच्याही कागदावर वेगळे होते, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होते, कारण त्यांचे डिस्चार्ज बुक घरात सर्वांना मीच वाचून दाखवले होते. दर रजेला मी म्हणायचो, 'दादा, एवढे करून टाकू'. आणि दर रजेला भाताची कापणी, कुणाचे तरी लग्न, नाहीतर गणपती आडवा यायचा. पुढे मीही निवृत्त होऊन घरी आलो, तरी ते झाले नाही. इतरांचे अर्ज लिहून द्यायला मात्र मला वेळ होता. एका पावसाळ्यात तीन दिवसांच्या तापात दादा गेले, आणि वहिनींची फॅमिली पेन्शन सुरू व्हायला दोन वर्षे चार महिने लागले. पहिले शपथपत्र परत आले, कारण त्यात लष्करी कागदावरच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधले एक अक्षर गळले होते. ते शपथपत्र मी केले होते. मग तलाठ्याचा दाखला, वंशवृक्ष, पंचायत अध्यक्षांचे पत्र. एका कार्यालयात तर समोरच्या माणसाने कागदावरचे नाव आणि समोरचे आधार ताडून पाहिले आणि विचारले, 'मग पहिली बायको कुठे आहे?' वहिनी तेव्हा बाहेर पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले डिस्चार्ज बुक. त्यांनी ते ऐकले. परतताना बसमध्ये त्या एवढेच म्हणाल्या, 'भावजी, तीस वर्षं संसार केला, आता मी कोण ते दुसऱ्यानं सांगायचं.'

थकबाकी पुढे सगळी मिळाली. हिशेब मी स्वतः तपासला. पण तोवर दुभती म्हैस विकली गेली होती आणि वहिनी दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जात होत्या. म्हशीचे पैसे मी देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. दादांच्या हयातीत एक सही घेतली असती तर यातले काहीही झाले नसते.

आता काम. वडील मराठा लाइट इन्फंट्रीचे, म्हणजे त्यांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. तोफखान्यातल्या माणसाला नाशिक रोडकडे पाहावे लागते. तुम्ही खानापूरचे लोक तासाभराच्या अंतरावर असून वर्षानुवर्षे जात नाही, याचा मला खरोखर राग येतो. अर्ज वडिलांच्या नावाने लिही, शपथपत्रात तिन्ही नावे त्या त्या कागदावर जशी आहेत तशीच, अक्षर न बदलता, उतरवून घे, आणि त्यांपैकी यापुढे कोणते चालायचे ते स्पष्ट लिही. आधार आणि बँक ज्या नावाने आहे तेच ठेवणे सोयीचे, तरीही आईला आधी विचार. तांदळातले नाव बाईला जपायचे असू शकते, आणि तसे असेल तर आधार बदलायची तयारी ठेव. सोबत पीपीओ, डिस्चार्ज बुक, दोघांचे आधार आणि दोघांचा जोडफोटो जोड. जन्मतारखेची दुरुस्तीही याच फेरीत माग. हे सगळे बेळगावच्या सैनिक कल्याण व पुनर्वसन खात्याच्या कार्यालयामार्फत रेकॉर्डकडे जाऊ दे, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. मूळ कागद कुणाच्याही हातात द्यायचे नाहीत, माझ्याही नाही.

उजवा हात उचलत नाही म्हणून सही होणार नाही, असे तू लिहिले आहेस. डावा अंगठा आहे ना? दोन साक्षीदारांसमोर अंगठा घे आणि वडील शुद्धीत आहेत, त्यांना सर्व समजते, असे डॉक्टरांचे पत्र जोडून ठेव, म्हणजे उद्या कुणी शंका काढणार नाही. नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्यासाठीही त्यांना उचलून बँकेत न्यायचे कारण नाही. जीवन प्रमाण आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या होते.

जन्मतारखेवर मी एवढा जोर का देतो तेही सांगतो. वडील ६२ वर्षांचे आहेत. उद्या बरेवाईट झाले तर आईला सात वर्षे, किंवा वडील ६७ वर्षांचे झाले असते त्या तारखेपर्यंत, यांतले जे आधी संपेल तोवर शेवटच्या पगाराच्या ५० टक्के दराने पेन्शन मिळते, मात्र वडिलांच्या स्वतःच्या पेन्शनहून जास्त नाही. त्यानंतर दर ३० टक्क्यांचा होतो, आणि कमीत कमी ९,००० रुपये व त्यावर महागाईची भर, याच्या खाली तो जात नाही. पुढे तिला ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०. ही वाढ जन्मतारखेवर चालते, आणि नोंदीत नुसते साल असेल तर आणखी अठ्ठावीस वर्षांनी ती तारीख कोण शोधत बसणार? तेव्हा मी नसेन. तुझे स्वतःचे नावही त्याच कागदांवर तपासून घे, कारण आईनंतर अविवाहित आणि उत्पन्न नसलेल्या मुलीचा हक्क येतो, आणि तिथेही पुन्हा अक्षरे जुळवावी लागतात.

एजंटाविषयी तू मला विचारायलाच नको होते. स्पर्श या सरकारी पेन्शन पोर्टलवर पत्ता, बँक, मृत्यूची नोंद, हयातीचा दाखला, सगळे फुकट आहे, आणि जे स्पर्शवर होत नाही ते रेकॉर्ड ऑफिसकडे अर्जाने होते, तेही फुकट. पंधरा हजार घेणारा माणूस तुझ्याकडून वडिलांच्या लॉगिनचा पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मागेल, बाकी अर्ज तो तुझ्याच कागदांवरून भरणार. ते पैसे वडिलांच्या मालिशवाल्याला दे.

भाषेचेही तू विचारले आहेस, आणि तिथे मला जरा जपून लिहावे लागते. मी सीमाभागातला मराठी माणूस आहे, १ नोव्हेंबरला काळी पट्टी बांधून मीही फेरीत चाललो आहे, आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याचा निकाल पाहायची इच्छा मलाही आहे. पण तुझ्या आईची फाइल त्या दाव्यात अडकवू नकोस. पेन्शन केंद्राची आहे. रेकॉर्ड ऑफिस, प्रयागराजचे लेखा कार्यालय, स्पर्श, सगळीकडे हिंदी-इंग्रजी चालते. कन्नड लागते ते नाडकचेरीतल्या, म्हणजे कर्नाटकच्या महसूल कार्यालयातल्या, दाखल्यांना. तिथला अर्ज कन्नडमध्ये भर, दाखला हातात पडताच आईच्या नावाचे प्रत्येक अक्षर वाचून घे, आणि वाचता येत नसेल तर तुझ्या कॉलेजातल्या कन्नड मैत्रिणीला सोबत ने. कन्नड अर्ज नको म्हणून वर्षभर दाखला न काढलेले एक गृहस्थ मला माहीत आहेत. त्यांच्या तत्त्वाचे ओझे त्यांच्या भावजयीने वाहिले.

बाकीचे थोडक्यात. हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांच्या मुलांना पदवीपर्यंत केंद्रीय सैनिक बोर्डाकडून शैक्षणिक मदत मिळते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ती महिना १,००० ऐवजी २,००० रुपये झाली आहे, दोन मुलांपर्यंत. तू अजून अर्ज केलेला नाहीस, हे वाचून मी पत्र बाजूला ठेवून चहा प्यायलो. धाकट्या भावाला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला तर पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्याच वर्षी करायचा असतो, दुसऱ्या वर्षी जाग येऊन उपयोग नाही. तुझ्या लग्नासाठी एक लाखाचे अनुदान आहे, त्याचा अर्ज लग्नानंतर १८० दिवसांत. आत्यांना हे ऐकून बरे वाटेल. आणि तुमच्या गल्लीतल्या त्या आजी, ज्यांचे यजमान पंधरा वर्षे पूर्ण न होता पेन्शनशिवाय परतले, त्यांना पेन्शन नसलेल्यांसाठीच्या पेन्युरी ग्रँटविषयी कुणी सांगितले आहे का? तीही आता महिना ८,००० झाली आहे. त्यांचे कागदही घेऊन ये.

लोक मला तिरसट म्हणतात हे माझ्या कानावर येते. नवरा-बायको दोघे समोर बसल्याशिवाय मी अर्जाला हात लावत नाही, नवरा 'तिला काय कळते' म्हणाला की कागद मिटून परत देतो, आणि मागच्या दिवाळीत तुझ्या वडिलांनाही मी चारचौघांत बोललो होतो. ते त्यांना लागले, हे तू लिहिले नसतेस तरी मला माहीत होते. पण तेव्हा त्यांचा उजवा हात चालत होता, पेन खिशात होते आणि अर्ज माझ्या टेबलावर होता. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणाले. मी त्या दिवशी आणखी जरा जोराने बोलायला हवे होते, असे मला आज वाटते. दादांशी मी नेहमी हळू बोललो.

सोमवारी साडेदहाला सैनिक कल्याण कार्यालयाच्या दारात ये. आई सोबत हवीच. वडिलांना न्यायची गरज नाही. साक्षीदार घेऊन मीच रविवारी संध्याकाळी तुमच्याकडे येतो, म्हणजे अंगठा घरीच होईल. डिस्चार्ज बुकाचे पहिले पान पाण्याने पुसट झाले आहे असे तू लिहितेस, तर माळ्यावरची त्यांची काळी पेटी खाली काढून ठेव; झाकणावर पांढऱ्या रंगाने आर्मी नंबर लिहिलेला असेल, तो पानावरच्या आकड्याशी ताडून पाहू. पेटीत त्यांची हिरवी टोपीही असेल. जोडफोटोच्या वेळी ती घालायचा त्यांनी आग्रह धरला तर नको म्हणू नकोस. अर्जाला फोटो बिनटोपीचा लागतो, म्हणून फोटोवाल्याला दोन काढायला सांग.

तुझा,
काका