आधी शाळा की आधी घर?

प्रश्न : ताई, नवऱ्याची बदली झालीये, चार महिन्यांत नव्या शहरात जायचंय. मुलगी १४ ची, मुलगा ६ चा. गेले तीन आठवडे मी रात्री बारा-बारा वाजेपर्यंत शाळांची रँकिंग बघत बसते, एक्सेल शीट केलीये, त्यात सतरा शाळा आहेत. नवरा म्हणतो आधी ऑफिसजवळ घर बघू, शाळा काय मिळेल ती मिळेल. माझं म्हणणं शाळा आधी, मग तिच्या आसपास घर. रोज यावरून वाजतंय आमचं. मुलगी तर आमच्याशी धड बोलतच नाहीये, खोलीचं दार लावून बसते. खरंच आधी काय ठरवायचं?
– शीट भरून दमलेली आई

उत्तर : अगं, सतरा शाळा वाचूनच मला घाम फुटला! शीट बंद कर आधी, डिलीट नको करूस, लागेल नंतर. भांडण दोघांचंही बरोबर आहे, फक्त तुम्ही दोन्ही मुलांना एकाच गठ्ठ्यात बांधताय. माझं मत विचारशील तर शाळा मुलीसाठी निवड आणि एरिया मुलासाठी.

का म्हणते ते सांगते. अमेरिकेत १९९४ ते १९९८ मधे एक मोठा प्रयोग झाला होता, पाच शहरांतल्या गरीब वस्तीतल्या कुटुंबांना लॉटरीने निवडून कमी गरीब भागात घर भाड्याने घ्यायला मदत दिली. पुढे अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१६ मधे या मुलांचं काय झालं ते मांडलं. जी मुलं १३ वर्षांची व्हायच्या आत तिकडे गेली त्यांची कमाई पंचविशीच्या आसपास, न गेलेल्यांच्या मानाने साधारण ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. आणि जी तेराच्या पुढची होती त्यांना फायदा दिसला नाही, उलट थोडं नुकसानच, बहुतेक जुनं सगळं तुटल्यामुळे. आता ती फार हलाखीतली कुटुंबं होती, ते आकडे तुला-मला जसेच्या तसे लागू नाहीत. पण वयाचा मुद्दा पटण्यासारखा आहे ना? लहान पोर एरियात मुरतं, त्याच्यापुढे वर्षं पडलीयेत. चौदाच्या पोरीकडे तेवढा वेळ नाही, तिला सगळ्यात जास्त टोचणार ते तुटणं.

म्हणून मुलीची शाळा बघताना रँकिंग सोड आणि हे बघ की तिचं अर्धवट राहिलेलं तिथे पुढे जोडलं जातंय का. तिची दुसरी भाषा तिथे आहे का, गणितात ते कुठपर्यंत आलेत, हिचे विषय मिळतात की 'या वर्षी सीट नाही, दुसरा घ्या' म्हणतात. सध्याच्या शाळेतून अभ्यासक्रम धड्यांसकट लिहून घे, आणि दाखला नि गुणपत्रकं आत्ताच मागून ठेव, शेवटच्या आठवड्यात क्लार्क रजेवर असतो हा माझा अनुभव.

आणि ते रँकिंग. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी अमेरिकेत सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांचा सर्व्हे केला, १९६६ मधे त्याचा अहवाल आला, त्यात निघालं काय, तर मुलांच्या मार्कांमधला फरक शाळेच्या इमारती-लॅबपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जुळतो. म्हणजे टॉपची शाळा टॉप आहे कारण तिथे आधीच तयार असलेली मुलं जातात, असं असू शकतं. चाळणी लावून पोरं आत घ्यायची आणि मग निकाल छान लागला म्हणून बॅनर लावायचा, यात शाळेचं कौतुक किती करायचं? इंग्लंडमधे २०१६ मधे शाळा मोजायचं एक नवं माप आणलं, नुसते मार्क नाहीत, मूल आलं तेव्हा कुठे होतं आणि निघताना कुठे पोचलं ते बघणारं. तुला हा आकडा मिळणार नाही पण दोन प्रश्न विचार. मोठ्या परीक्षेच्या आदल्या वर्षी किती मुलं शाळा सोडून जातात? आणि या वर्गाच्या टीचर गेल्या दोन वर्षांत किती वेळा बदलल्या? प्रिन्सिपल हसून विषय बदलले की समज. परत येताना मुलांचं टॉयलेट बघून ये, ऑफिसशेजारचं पाहुण्यांचं नव्हे.

आता मुलाचा एरिया. सहा वर्षांच्या पोराला घरासमोरचा रस्ता म्हणजे जग असतं. सॅन फ्रान्सिस्कोत १९६९ च्या सुमारास शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी एकसारखे दिसणारे तीन रस्ते निवडले, फरक काय तो ट्रॅफिकचा. दिवसाला २,००० गाड्या जायच्या त्या रस्त्यावर राहणाऱ्यांचे तिथेच सरासरी ३ मित्र, आणि १६,००० वाल्या रस्त्यावर ०.९. एक अख्खा मित्रही नाही! म्हणून मेन रोडला लागून असलेलं घर कितीही हवेशीर दिसलं तरी मी दोनदा विचार करीन, हवेबरोबर हॉर्न पण येतात. आवाजाचंही साधं नसतं, म्युनिकचा विमानतळ १९९२ मधे नव्या जागी गेला तेव्हा संशोधकांनी दोन्हीकडची मुलं तपासली होती, नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि लक्षात राहणं घसरलं आणि जुन्याजवळच्यांचं सुधारलं.

तुझ्या नवऱ्याचं जे बरोबर आहे ते आता सांगते. अलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची माहिती तपासली, त्यांचं हिशेबाचं गृहीत होतं की लांबून येणारा माणूस स्वस्त घर किंवा जास्त पगार घेऊन ते भरून काढत असेल. तसं निघालं नाही, प्रवास जितका लांब तितका माणूस आयुष्यावर कमी खूश. आम्ही हे फुकटात शिकलो नाही. रविवारी सकाळी अकराला घर बघितलं, शाळा गाडीने बारा मिनिटांवर, गॅलरी मोठी, मी तिथल्या तिथे हो म्हटलं. सोमवारी त्याच रस्त्याला पन्नास मिनिटं. दोन वर्षं माझा मुलगा गाडीच्या मागच्या सीटवर बुटांच्या लेस बांधत होता, कंगवा कायम डॅशबोर्डवर, त्याच्या शर्टाच्या कॉलरवर टूथपेस्टचा पांढरा ठिपका ठरलेला. गॅलरीत आम्ही किती वेळा बसलो विचारू नकोस.

तर जागा बघायला जाशील तेव्हा मधल्या वारी जा, मंगळवार-बुधवार, आणि शाळा भरायच्या वेळेला त्याच वाहनाने जा ज्याने पोरं रोज जाणार. जाता येत नसेल तर मॅपमधे पोचायची वेळ आणि वार टाकता येतो, तो टाकून बघ, आत्ता रात्री बाराला दाखवतोय तो वेळ खरा नाही. बस असेल तर आपला स्टॉप कितवा ते विचार, पहिल्या स्टॉपवरचं मूल अख्ख्या गावाची प्रदक्षिणा करतं.

म्हणजे क्रम असा, आधी मुलीला चालतील अशा दोन किंवा तीन शाळा, त्यांच्यापासून अर्ध्या तासाच्या आत ऑफिस पण येईल असा पट्टा, आणि त्या पट्ट्यात आतल्या गल्लीतलं घर. पहिलं वर्ष भाड्याने राहा, विकत घ्यायची घाई करू नका, चूक झाली तर सामान उचलता येतं, कर्ज मागे टाकून जाता येत नाही.

आणि मुलगी. तिला 'तुझं मत काय' विचारू नका, तिला कळतं सगळं ठरलंय ते. शेवटच्या दोन शाळांतली कुठली ते तिने ठरवायचं आणि तिने ठरवलेलं तुम्ही बदलायचं नाही, एवढं खरंच द्यायची तयारी असेल तरच दार वाजवा.

प्रश्न : मी एकटा बाबा, मुलगी ९ वर्षांची. ब्रोकर प्रत्येक एरियाला 'एकदम सेफ, फॅमिली एरिया' म्हणतो. परक्या शहरात खरं कसं ओळखायचं?
– तिचा बाबा

उत्तर : दादा, ब्रोकरच्या तोंडून अनसेफ एरिया मी तरी आजवर ऐकला नाही. त्याला घरी पाठवा आणि रात्री नऊला एकटे चक्कर मारा. बायका एकट्या, फोनवर बोलत, रमत-गमत चालतायत की पर्स आवळून भराभर? स्ट्रीटलाइट किती बंद आहेत? मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जमलं तर अजून एकदा जा, भिंतींवर पाण्याची रेघ कुठपर्यंत आहे ते दिसतं. वॉचमनपेक्षा औषधाच्या दुकानवाल्याशी बोला, रात्री कोण-कोण येतं ते त्याला माहीत असतं. आणि बिल्डिंगच्या खाली मुलांच्या सायकली शोधा. सायकली आहेत पण सीटवर बोटभर धूळ, चाकात हवा नाही, तर मुलं आहेत पण खाली उतरत नाहीत, का उतरत नाहीत ते तिथल्याच एखाद्या आईला विचारा. सीट पुसलेली, हँडल वाकडं आणि चाकाला ओला चिखल असेल तर वरचं घर बघायला जा.