पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीसाठी .३०८ रायफलवर कोणता स्कोप घ्यावा?

आपण दाट जंगलात १५० यार्डांच्या आतच गोळी झाडणार असल्याचे लिहिले आहे. त्यासाठी ३-९×४० स्कोप (म्हणजे ३ ते ९ पट मोठे दाखवणारी, ४० मिमीच्या पुढच्या भिंगाची नेम धरण्याची दुर्बीण) पुरेसा आहे, आणि त्याहून मोठ्या आकड्यांच्या मोहात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हरीण बहुधा पहाटे किंवा तिन्हीसांजेला बाहेर पडते, त्यामुळे चित्र किती मोठे दिसते यापेक्षा मंद उजेडात ते किती स्वच्छ दिसते, याला अधिक महत्त्व द्यावे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ४० मिमीच्या भिंगात ९ पटीवर ती जेमतेम ४.४ मिमी, तर ६ पटीवर सुमारे ६.७ मिमी असते, म्हणून अंधारू लागताच वर्धन कमी करावे. दुकानातील झगझगीत दिव्यांखाली सगळेच स्कोप चांगले दिसतात. शक्य असल्यास विक्रेत्याला विचारून सुटा स्कोप संध्याकाळी दाराबाहेर न्यावा आणि झाडाच्या सावलीतील बारीक फांद्या वेगवेगळ्या दिसतात का, ते पाहावे.

.३०८ चा धक्का लक्षात घेता डोळा आणि स्कोप यांत किमान साडेतीन इंच अंतर राहायला हवे, नाहीतर भुवई फुटते. थंडीत भिंगे आतून धुरकट होऊ नयेत यासाठी नायट्रोजन किंवा आरगॉन भरलेलाच स्कोप घ्यावा. स्कोप रायफलवर घट्ट बसवणाऱ्या माउंट आणि रिंगांवर मात्र काटकसर नको, कारण त्या ढिल्या असतील तर महागडा स्कोपही झिरो (एकदा जुळवलेला नेम) धरत नाही.