आयईचं एमएस: वाळूजला बसून ऑनलाइन करावं का तिकडं जावं

भावा, तुझा मेसेज वाचला, दोनदा वाचला. मेकॅनिकल झालं, संभाजीनगरजवळ वाळूजला ऑटो पार्टच्या कंपनीत आयई डिपार्टमेंटला (आयई म्हणजे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग, कारखान्यातलं काम कमी वेळात, कमी कष्टात कसं होईल ते बघणारं) अडीच वर्षं झाली, आता त्यातच एमएस करायचं आणि ते पण अमेरिकेचंच, त्यात घरात दोन पार्ट्या पडल्यात, वडील म्हणतात नोकरी सोडू नको ऑनलाइन कर, मामा म्हणतात जायचं तर सरळ जा. आणि तू विचारतोस की दादा, दोन्हीकडं डिग्री तर सारखीच ना? कागद सारखाच असतो रे, बऱ्याच ठिकाणी तर त्यावर ऑनलाइन असं लिहिलेलं पण नसतं. पण तुला डिग्री पाहिजे का अमेरिका पाहिजे, हे आधी तुझं तू ठरव, कारण तुझ्या अख्ख्या मेसेजमध्ये मला तेच कुठं दिसलं नाही.

ऑनलाइन केलं तर व्हिसा नाही. साधी गोष्ट आहे पण लई जणं इथंच फसतात, त्यांना वाटतं ऑनलाइन करू आणि मंग तिकडं नोकरी बघू. एफ-1 व्हिसा फुल टाइम कॅम्पसवर शिकणाऱ्याला मिळतो, आणि तिथं पण एका सेमिस्टरला फुल टाइम मोजताना एकच ऑनलाइन कोर्स, म्हणजे 3 क्रेडिट, धरतात, त्यामुळं कुणी एजंट हायब्रिड हायब्रिड करत असला तर त्याला आधी आय-20 (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद) मिळतो का ते विचार. कॅम्पसवर केलेल्याला पास झाल्यावर 12 महिने ओपीटी (शिक्षणानंतर तिथं काम करायची परवानगी) आणि कोर्स स्टेम म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्समधला असेल तर अजून 24, असे 36 महिने काम करता येतं. आपलं आयई स्टेममध्ये बसतं, पण ऑपरेशन्सच्या नावाखाली काही बिझनेस स्कूलचे कोर्स असतात त्यातले सगळे बसत नाहीत, म्हणून कोर्सच्या नावावर जाऊ नको, आय-20 वर येणारा सीआयपी कोड (कोर्स कुठल्या विषयात मोडतो त्याचा सरकारी नंबर) काय असेल ते ॲडमिशनवाल्यांना ईमेल करून लेखी घे. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचा 14.3501 आहे.

वाळूजला बसून ऑनलाइन डिग्री घेतलेल्याला ओपीटी नाही, म्हणजे कंपनीनं थेट भारतातून एच-1बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, बोलवायला पाहिजे. त्यात सप्टेंबर 2025 पासून बाहेरच्या देशातून नवा माणूस आणायचा तर कंपनीला एक लाख डॉलर फी लावलीय, आता लाइन बॅलन्सिंग (लाइनवरचं काम स्टेशनांत सारखं वाटणं) करायला आलेल्या पोरासाठी कोण भरणार एवढे? इथं अमेरिकेतच शिकून स्टेटस बदलणाऱ्यांना, म्हणजे स्टुडंट व्हिसावरून एच-1बी वर जाणाऱ्यांना, त्यातून वगळलंय. हे नियम सारखे बदलतात, त्यामुळं पैसे भरायच्या आधी पुन्हा एकदा बघ.

आता कॅम्पसवर आलं म्हणजे झालं असं पण समजू नको. मी 2018 ला मिशिगनला आलो तेव्हा खर्च सगळा मिळून 38 लाखाला गेला, आता त्याच्या वरच धर. पहिल्या जॉब फेअरला मी नवा कोट घालून एका कंपनीच्या रांगेत पाऊण तास उभा, नंबर आला तर बाई हसून म्हणली, सिटिझन आहेस का? डिफेन्स आणि एरोस्पेसमध्ये आयईची कामं भरपूर असतात पण त्यातली बहुतेक आपल्याला बंद असतात, हे मला तिथं उभं राहून कळलं. मंग ऑटोमध्येच लागलो. ओपीटीवर सुरुवातीच्या वर्षात एकूण 90 दिवसाच्या वर बिनकामाचं राहता येत नाही, त्यामुळं पहिली मिळेल ती पकडली. एच-1बी ची लॉटरी तीनदा भरली, 2021, 2022 आणि शेवटी 2023 ला नंबर लागला, तोवर दर मार्चला पोटात गोळा. 65 हजार जागा आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांना वरच्या 20 हजार, आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट.

वडिलांनी जमिनीचं काढलंय म्हणतोस. तर ऐक, शेतजमीन बहुतेक बँका एज्युकेशन लोनला तारण घेतच नाहीत, एनए प्लॉट, फ्लॅट किंवा एफडी मागतात, त्यामुळं गावातलं कुणी म्हणत असंल की चार एकरावर लोन मिळतंय तर आधी बँकेत जाऊन साहेबाच्या तोंडून ऐक. आणि शिकतानाच व्याज चढायला लागतं बरं का, हप्ता नसला तरी. नोकरी नाही लागली आणि परत यावं लागलं तर संभाजीनगरच्या पगारात हप्ता निघतो का, हे वडिलांसमोर कागदावर मांड. निघत नसला तर मी तरी ये म्हणणार नाही, मामा काही का म्हणेना.

शिकण्याचं म्हणशील तर त्यात ऑनलाइन काहीच कमी नाही, उलट तुझ्यासारख्याला जास्त कामाचं आहे. तुम्ही तिथं स्टॉपवॉच धरून सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) काढता, सरासरी घेता आणि मॅनेजर म्हणतो स्टेशन 90 टक्केच बिझी आहे, अजून 5 टक्के लोड टाका. इथं पहिल्याच सेमिस्टरला क्यूइंग थिअरीत (रांगांच्या गणितात) सरांनी फळ्यावर करून दाखवलं, माल येण्याचा आणि कामाचा वेळ दोन्ही वरखाली होत असतील तर सगळ्यात साध्या मॉडेलमध्ये 90 टक्क्यांना स्टेशनपुढं सरासरी 8 नग तुंबतात आणि 95 ला 18. मला एकदम वाळूजची आमची लाइन आठवली, तिथं दर महिनाअखेरीला ट्रॉल्या कामून भरून वाहायच्या ते तेव्हा कळलं. आता हे शिकायला विमान लागत नाही. आणि दुसऱ्या दिवशी शिफ्टला जाऊन तू ते करून बघू शकतोस, आम्ही इथं सिम्युलेशनवरच बघायचो.

म्हणून अमेरिका नाही, ज्ञान आणि कंपनीत प्रमोशन पाहिजे असेल तर जॉर्जिया टेक या अमेरिकन युनिव्हर्सिटीचं ऑनलाइन ॲनालिटिक्सचं मास्टर्स बघ, 2017 ला सुरू झालं, तिथलं आयईचं डिपार्टमेंट रँकिंगमध्ये वर्षानुवर्षं पहिलं आणि या कोर्समध्ये ते पण शिकवायला असतं, फी दहा हजार डॉलरच्या आसपास. प्युअर आयई नाही ते, पण स्टॅट, ऑप्टिमायझेशन, सिम्युलेशन सगळं आहे. फक्त पुढं भारतात सरकारी कॉलेजात प्राध्यापक व्हायचा विचार असेल तर परदेशी ऑनलाइन डिग्रीला अडचण येते, ते आधी तपास.

जर्मनीचं विचारलंस, तिकडं बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिटीत फी नाही पण एपीएस सर्टिफिकेट (आपली कागदपत्रं तपासल्याचा दाखला) लागतं, ब्लॉक्ड अकाउंटला (राहण्याच्या खर्चासाठी आधीच पैसे अडकवून ठेवायचं खातं) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, आणि शॉप फ्लोअरवर काम करायचं तर जर्मन बोलल्याशिवाय भागत नाही. मी तिकडं राहिलो नाही, जास्त सांगत नाही.

तू आत्ता राजीनामा देऊ नको. एमआयटीचं सप्लाय चेनचं मायक्रोमास्टर्स (ऑनलाइन कोर्सचा छोटा संच) आहे, त्यातला एक कोर्स घे आणि सेकंड शिफ्ट करून रात्री दोन महिने बसून बघ, प्रोबॅबिलिटीनं डोकं धरायला लावलं का मजा आली ते कळेल. कंटाळा आला तर 38 लाख वाचले. मजा आली तर पुढच्या फॉलसाठी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या प्रवेशासाठी, कॅम्पसचे फॉर्म भर, डेडलाइन साधारण डिसेंबर-जानेवारीला असतात, आणि एसओपीत (का शिकायचंय ते सांगणाऱ्या अर्जातल्या निबंधात) लहानपणीपासून मशीनची आवड वगैरे लिहू नको, तुमच्या लाइनवर तू ले-आउट बदलून जे चालणं वाचवलंस ना, किती मीटर आणि दर शिफ्टला किती मिनिटं, ते लिही. ट्रान्सक्रिप्टचा (सगळ्या मार्कांच्या अधिकृत उताऱ्याचा) अर्ज मात्र या आठवड्यातच टाक, मला त्यासाठी विद्यापीठात चार चकरा झाल्या होत्या आणि चौथ्यांदा जेवणाची सुट्टी होती.