खुर्चीवरची बॅग

प्रश्न : ताई, डिप्लोमासाठी आम्ही १२ मिनिटांची प्रेमकथा करतोय. सुरुवात अशी ठरवली आहे : ड्रोनमधून सूर्योदय, अलार्म वाजतो, नायिका उठते, आवरते, मागे गाणं. मग कॉरिडॉरमध्ये नायकाशी धडक, पुस्तकं खाली. हे सगळं अडीच मिनिटांचं. मित्र म्हणतात, रटाळ आहे. शूटिंगला दोनच दिवस आहेत. पटकथा सोबत जोडली आहे. काय बदलू?

उत्तर : तुझी पटकथा दोनदा वाचली. १२ मिनिटांतली अडीच म्हणजे पाचवा हिस्सा, आणि तेवढ्यात तिच्याबद्दल कळतं काय, तर ती सकाळी उठते. पुस्तकं तर कोणाच्याही हातून पडतील.

पण चौथ्या पानावर तू एक ओळ लिहिलीस आणि तिथे न थांबता पुढे गेलास : 'लायब्ररीत ती शेजारच्या खुर्चीवर नेहमी बॅग ठेवते.' अरे, तुझी सुरुवात इथे आहे! शेजारी कोणी बसू नये म्हणून धडपडणारी मुलगी. ती बॅग कधी उचलेल, याची वाट प्रेक्षक पुढची दहा मिनिटं बघेल.

पडदा काळा असतानाच खुर्ची फरशीवर सरकल्याचा आवाज येऊ दे. मग फक्त बॅग, जवळून. पट्टा खुर्चीच्या पाठीला गुंडाळलेला. हा वेढा तिने स्वतः घातलाय, हे दिसायला हवं. एका मुलाचा हात चौकटीत येतो, खुर्चीच्या पाठीवर टेकतो. "इथे कोणी आहे?" बॅग तशीच दिसत राहते आणि चौकटीबाहेरून तिचा आवाज येतो, "हो." हात निघून जातो. यानंतर पहिल्यांदा तिचा चेहरा दाखव आणि तो शॉट लांबव, सहा-सात सेकंद तरी. तिला 'भाव दे' म्हणू नकोस. लेव्ह कुलेशॉव्ह या सोव्हिएत दिग्दर्शकाने एकाच निर्विकार चेहऱ्याला कधी सूपची थाळी जोडली, कधी शवपेटी, आणि बघणाऱ्यांना त्या चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. इथे तुझ्याकडे बॅग आहे आणि एक खोटं 'हो' आहे. तिने नुसतं पुस्तकात बघितलं तरी पुरे. मग तो मुलगा, दोन टेबलं पलीकडे बसलेला. मग फिल्मचं नाव. सगळं मिळून सव्वा मिनिट.

गाणं इथे नको. लायब्ररीची शांतताच लागेल, म्हणून सगळ्यांना गप्प उभं करून तिथला रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीचा आवाज, मिनिटभर रेकॉर्ड करून घ्या. हे हटकून राहतं आणि एडिटला बसल्यावर रडू येतं. ट्यूबलाइट असतील आणि वीज ५० हर्ट्झची असेल, तर सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेव, म्हणजे फ्लिकर, म्हणजे प्रकाशाची लुकलुक, येणार नाही. दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडायची नाही : ती उजवीकडे बघत असेल तर तो डावीकडे बघताना दिसला पाहिजे, नाहीतर दोघं तिसऱ्याच कोणाकडे बघतायत असं वाटेल.

सूर्योदयाचा मोह मला कळतो. माझ्या विद्यार्थिदशेतल्या फिल्ममध्ये मीही त्याच्यावर अर्धा दिवस घालवला होता. तो प्रकाश काही मिनिटांत उडून जातो, आम्ही दुसऱ्या पहाटे पुन्हा गेलो, आणि नायिकेचा शेवटचा क्लोज-अप घ्यायला वेळच उरला नाही. एडिटमध्ये सूर्योदय कापला गेला. क्लोज-अप मात्र कुठून आणणार? ती जागा आजही मला बघवत नाही. तुझ्याकडेही दोनच दिवस आहेत रे.

एक गोष्ट मात्र नेहमीपेक्षा उलटी कर. एरवी मी सांगते, सुरुवातीचा प्रसंग पहिल्या दिवशी घेऊ नका, युनिटचा हात बसलेला नसतो. तुझ्या फिल्ममध्ये तो सगळ्यात आधी घे. दुपारपर्यंत तुझे दोन्ही कलाकार एकमेकांशी गप्पा मारायला लागतील, आणि तिच्या त्या 'हो'मधला परकेपणा मग रिहर्सल करूनही येणार नाही. तोवर त्यांना वेगवेगळं बसव.