तट्टाचे पाय धरलेत आणि औषध घेत नाही? आधी गूळ बंद करा

गेल्या पंधरवड्यात घोड्यांबद्दल चार प्रश्न आले. गायी-म्हशींच्या शंभर प्रश्नांत घोड्याचा एखादा येतो, त्यामुळे चार एकदम आले म्हणजे खूप झाले. विषय चौघांचाही एकच: लॅमिनायटिस. खुराचं बाहेरचं कवच आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात. खूर कडक, सूज पसरायला जागा नाही, म्हणून वेदना भयंकर. वेळीच आवरलं नाही तर हाड कवचापासून सुटून खाली फिरतं. मग तो घोडा कामाचा राहत नाही. पुढचे पाय लांब टाकून मागच्यांवर भार देणं, वळताना अडखळणं, खुरावर हात ठेवला तर गरम लागणं, सांध्यामागची नाडी ठणठण उडणं ही लक्षणं तुम्हाला ठाऊक आहेत. ती पुन्हा शिकवत बसत नाही.

प्रश्न (माथेरान): नऊ वर्षांची घोडी. डॉक्टरांनी लॅमिनायटिस सांगून मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाच्या गोळ्या दिल्या. दोन दिवस गुळाच्या खड्यात घालून दिल्या, तिने खाल्ल्या. आता गूळ हुंगते आणि तोंड फिरवते. मेडिकलवाला म्हणतो, पाण्यात कालवून बाटलीने घशात ओता. ओतू का?

नाही. बाटली नाही, बांबूची नळी नाही, आणि नाकपुडीतून तर अजिबात नाही. बैलाला पाजतात तसं डोकं वर ताणून घोड्याला पाजलं की औषध फुफ्फुसात जातं. दोन दिवसांनी ताप, खोकला, नाकातून घाण वास. मग लॅमिनायटिस राहतो बाजूला आणि घोडी न्यूमोनियाने जाते. काचेची बाटली दाढेखाली फुटलेलीही मी पाहिली आहे. ज्याने सल्ला दिला तो दुकानात बसलेला असतो, जीभ तुमच्या घोडीची कापते.

आता गुळाचं. औषध म्हटलं की गूळ, ही आपल्याकडची जुनी सवय. बैलाला चालते, निरोगी घोड्याला चालते. पण पाय धरलेल्या तट्टांपैकी बऱ्याच जणांचा मूळ रोगच साखरेचा असतो. मान कडक आणि जाड, बरगड्यांवर चरबीचे थर, थोडं खाल्लं तरी अंगाला लागणारं जनावर असेल तर त्याच्या रक्तात साखर गेली की इन्सुलिन उसळतं आणि खुरातली आग वाढते. म्हणजे एका हाताने औषध आणि दुसऱ्या हाताने रोग. दिवसातून एक खडा दिला तर आभाळ कोसळत नाही हे मलाही कळतं. पण एक खडा कधी एक राहत नाही. घोडी पहिला नाकारते, तुम्ही दुसरा मोठा करता, तिसऱ्या दिवशी काकवी येते, चौथ्या दिवशी गुळाची पोळी. म्हणून सरळ सांगतो: गूळ बंद, काकवी बंद, साखर बंद, पर्यटकांच्या हातचं बिस्कीट बंद, भरड आणि हरभरा बंद.

औषध घेत नाही म्हणून तोबऱ्यात पूर्ण खाण्यावर गोळी कुटून टाकू नका. घोड्याचा ओठ म्हणजे चिमटा आहे. दाणे उचलतो, भुकटी तळाशी ठेवतो, आणि तुम्हाला वाटतं डोस गेला. पाण्याच्या बादलीत तर कधीच टाकू नका. कडू लागलं की पाणी सोडेल, आणि पाणी कमी पडलेल्या घोड्याच्या मूत्रपिंडावर हीच औषधं उलटतात.

मी स्वतः सगळ्यांना सिरिंज धरायला लावतो. साठ मिलीची, सुई नसलेली, पुढचं टोक बोथट असलेली. चाळीस-पन्नास रुपयांत मिळते. गोळी बारीक कुटा (घरातला खलबत्ता घेऊ नका, घरची मंडळी घोडीआधी तुम्हाला तोबरा लावतील), पंधरा-वीस मिली कोमट पाणी घाला, चमचाभर शेंगदाण्याचं तेल घाला, हलवा. तेलाने कडूपणा दबतो आणि भुकटी सिरिंजमध्ये खाली बसत नाही.

घोडीला मोरकी घाला. डाव्या बाजूला खांद्यापाशी उभे राहा, समोर नाही. तोंडात घास असेल तर गिळू द्या. घास असताना दिलेलं औषध घासाबरोबर जमिनीवर येतं. डावा हात नाकाडावर. ओठांच्या कोपऱ्यातून, जिथे लगामाची कडी बसते त्या दात नसलेल्या जागेतून सिरिंज आत सरकवा, टोक जिभेवर मागच्या बाजूला येऊ द्या. दट्ट्या हळूहळू दाबा, पाच-सहा मिली, थांबा, गिळू द्या, पुन्हा थोडं. डोकं सरळ रेषेत राहू द्या. फार तर हनुवटी थोडी वर, आभाळाकडे नाही. गळ्याच्या डाव्या बाजूला गिळलेला घोट खाली जाताना दिसतो, तो बघूनच पुढचा द्या. खोकली तर लगेच सोडा, डोकं खाली घेऊ द्या.

घोडी सिरिंज बघून मागे सरते याचं कारण बहुतेकदा असं की पहिल्याच दिवशी तिला कडू मिळालेलं असतं. म्हणून औषध सुरू असतानाही दिवसातून दोन-तीनदा नुसत्या पाण्याची सिरिंज द्या, आणि प्रत्येक वेळी मागून मेथीच्या दोन-चार काड्या. मेथीचा वास घोड्यांना फार आवडतो. पुदिन्याची पानंही चालतात. चार-पाच वेळा पाणी, एकदा औषध, असं झालं की सिरिंज दिसताच ती ओठ हलवायला लागते. मी हे माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर चावणाऱ्या एका तट्टावर करून दाखवलंय. मालक म्हणाला होता, साहेब, बोटं मोजून घरी जा. बोटं शाबूत आहेत.

औषध रिकाम्या पोटी देऊ नका. आधी थोडं गवत, मग सिरिंज, मग तोंडात साधं पाणी सोडून धुवा, कारण या भुकट्या तोंडाची त्वचा जाळतात. अर्धं सांडलं तर पुन्हा पूर्ण डोस देऊ नका. एक वेळ चुकली तर दुसऱ्या वेळी दुप्पट देऊ नका. दुप्पट देऊ नका. पुन्हा लिहितो कारण दर पाचांतला एक मालक हेच करतो.

आणि वजनाचं बोला. दुकानदार ‘घोडा’ ऐकतो आणि चारशे किलो धरतो. तुमचं तट्टू चारशेचं नाही. टेप घ्या: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याला त्याच घेराने गुणा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा, आणि ११,९०० ने भागा. घेर १४० आणि लांबी १३५ असेल तर वजन येतं २२२ किलो. मेलॉक्सिकॅमचा घोड्याचा डोस किलोमागे ०.६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. म्हणजे १३३ मिलिग्रॅम. चारशे किलोच्या हिशेबाने तुम्ही २४० घातलेत, जवळजवळ दुप्पट, तेही रोज. आठवड्यात पोटात व्रण, आतड्याला सूज, पातळ शेण. तट्टं या औषधांना मोठ्या घोड्यांपेक्षाही लवकर बळी पडतात. दात खाणं, खाणं सोडणं, शेण पातळ किंवा काळं, लघवी कमी, ओठांच्या आत फोड, यातलं काहीही दिसलं की औषध थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. दुकानात जाऊ नका.

एक वेदनाशामक चालू असताना दुसरं त्यावर चढवू नका. गायीसाठीचा मेलॉक्सिकॅम-पॅरासिटामॉलचा जोड बोलस (मोठी गोळी) ‘जास्त पॉवरचा’ म्हणून हातात ठेवतात, तो परत करा.

प्रश्न (रायगड, मेंढपाळ): भाताच्या खाचरात वाडा बसवलाय. रात्री तट्टू सुटलं, पोतं फोडून चार-पाच किलो बाजरी खाल्ली. सकाळी चालतंय, ठीक दिसतंय. दुकानदार म्हणतो तेलाची बाटली पाजा. सध्या काही दिसत नाही तर औषध कशाला?

यांना फोनवरच सांगितलं, इतरांसाठी इथे लिहितो. ठीक दिसतंय हाच घात आहे. धान्य आतड्यात आंबतं, त्याचं विष रक्तात जातं, आणि खुरं दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी धरतात. लंगडण्याची वाट बघाल तर अर्धी लढाई हरलेली असते. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं तसं बाहेर येणार नाही. नाकातून पोटापर्यंत नळी घालून धुणं हे डॉक्टरांचं काम. तेल बाटलीने पाजलं तर वर सांगितलेला न्यूमोनिया, आणि तेलाचा न्यूमोनिया बरा होत नाही म्हटलं तरी चालेल.

तुमचं काम गारवा. चारही खुरं, वर पायाच्या नळीच्या मध्यापर्यंत, बर्फाच्या पाण्यात. दहा मिनिटं नाही, दोन ते तीन दिवस सलग. वाड्यावर बर्फ कुठला, हे विचारूच नका. कोकणात आहात, मासळी बाजार जवळ असतो, तिथे चुरा बर्फ मिळतो. जाड प्लास्टिकच्या पोत्यात पाय घाला, बर्फ आणि पाणी भरा, वरून सैल बांधा, वितळला की पुन्हा भरा. बर्फ येईपर्यंत वाहत्या ओढ्यात उभं करा. ज्या तट्टाला अजून लंगड आलेलं नाही त्याच्यासाठी याच्याइतका चांगला उपाय कुठल्याच पुडीत नाही. तळ हलवायचा असेल तर बिऱ्हाड दुसऱ्यावर टाका. हे तट्टू चार दिवस एक पाऊलही ओझ्याखाली चालणार नाही.

प्रश्न (महाबळेश्वर): हंगाम आहे. दुकानातून आणून डेक्सामिथासोन टोचलं, घोडा शनिवार-रविवार झकास चालला. सोमवारी पुन्हा बसला. डोस वाढवू की दुसरं इंजेक्शन घेऊ?

दोन्ही नाही. डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड आहे, ते बंद. लॅमिनायटिसमध्ये स्टेरॉइड म्हणजे आग विझली असं दाखवून आत तेल ओतणं; रक्तातली साखर आणि इन्सुलिन दोन्ही चढतात. झकास चालला म्हणता, पण चालला तो वेदना कळली नाही म्हणून. सैल झालेले पापुद्रे त्या दोन दिवसांत वरच्या माणसाच्या वजनाने फाटले. वेदनाशामक घोडा उभा राहावा, खावा, झोपावा म्हणून असतं. खोगीर चढवता यावं म्हणून नाही. गोळी चालू म्हणजे घोडा बंद. हे मला दर हंगामात सांगावं लागतं आणि दर हंगामात दोन तरी घोडे मालक याच पायी गमावतात.

‘दुसरं इंजेक्शन’ म्हणजे दुकानदार डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक काढेल. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, गिधाडं त्याने मेली म्हणून. केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये आली. माणसांची बाटली जनावराला टोचणं हा गुन्हा आहे, आणि उद्या घोडा मेला आणि दरीत टाकला तर त्याचं मांस खाणारी गिधाडंही जातील. फेनिलब्युटाझोन या वेदनाशामकाचं इंजेक्शन तर स्वतः टोचायचा विचारही नको. ते फक्त शिरेत जातं. बाहेर थेंब गेला तर मानेचं मांस सडून गळतं.

घोडा आत बांधा. खाली वीतभर भुसा किंवा वाळू, जेणेकरून खुराच्या तळव्याला आधार मिळेल. हिरव्यावर सोडू नका. पावसाळ्यात काम बंद म्हणून कोवळ्या गवतावर मोकळा सोडलेला घोडाच हंगामाच्या तोंडावर बसतो. वाळलेलं गवत वजनाच्या दीड टक्का, म्हणजे दोनशे वीस किलोच्या तट्टाला सव्वातीन किलो, तासभर पाण्यात भिजवून, पाणी फेकून द्या. त्या पाण्यात साखर उतरलेली असते, ते दुसऱ्या जनावराला पाजायची काटकसर करू नका.

घोडी नुकतीच व्यायली असेल आणि तीन तासांत वार पडली नसेल तर ही वाट बघायची वेळ नाही, वार आत राहिली की खुरं धरतात. म्हातारा घोडा उन्हाळ्यातही लांब केस टाकत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याचं औषध वेगळं आहे.

सरकारी योजनांबद्दल: फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून घोडा, गाढव, खेचर आलेत, विम्याच्या हप्त्यात मालकाचा वाटा १५ टक्केच. अर्ज दवाखान्यात. विमा आजार होण्याआधी काढायचा असतो, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न (वाई): नालबंद म्हणतो टाच कापतो, पुढून रक्त काढतो, पाय हलका होईल. काढू द्यावं का?

रक्त काढू देऊ नका. नाल उतरवायला हरकत नाही, पण कापाकापी एक्स-रे झाल्यावर. हाड किती फिरलंय हे बाहेरून कुणालाच दिसत नाही, मलाही नाही आणि नालबंदालाही नाही. वाईहून शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. घोडा टेम्पोतून न्या, खाली जाड गवत टाका, चालवत नेऊ नका. खुराचा बाजूने एक्स-रे काढून घ्या, आणि तो समोर ठेवूनच नालबंदाला कानस हातात घेऊ द्या.