स्क्रीन ग्लॉसी घ्यावी की मॅट? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या लॅपटॉपची स्क्रीन ग्लॉसी आहे आणि त्याला जोडलेला मॉनिटर मॅट. एकच फोटो लॅपटॉपवर जास्त खुलून दिसतो. ग्लॉसी स्क्रीनचं पॅनेलच वरच्या दर्जाचं असतं का?

तसं काही नाही. ग्लॉसी की मॅट हा फरक फक्त सगळ्यात वरच्या पृष्ठभागाचा असतो. मॅट मॉनिटरमध्ये पोलरायझर फिल्मचा (ठरावीक दिशेने कंप पावणाराच उजेड पुढे सोडणाऱ्या पातळ थराचा) बाहेरचा भाग मुद्दाम अतिसूक्ष्म खरखरीत केलेला असतो. खोलीतला उजेड त्यावर पडून चहूकडे विखुरतो, म्हणून मागच्या दिव्याचं ठळक प्रतिबिंब उमटत नाही. पण त्या विखुरलेल्या उजेडाचा थोडा वाटा आपल्या डोळ्यांपर्यंत येतोच आणि काळा रंग राखाडीकडे झुकतो. ग्लॉसी स्क्रीनवर जिथे प्रतिबिंब नाही तिथे काळा काळाच राहतो, म्हणून रंग खुलल्यासारखे वाटतात.

खोलीत पूर्ण अंधार करून, दोन्हींची ब्राइटनेस सारखी ठेवून तोच फोटो पाहा. फरक बराच कमी होईल. उरेल तो बहुतांशी पॅनेलचा. आयपीएस प्रकारच्या पॅनेलचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्यापेक्षा किती पट उजळ, ते प्रमाण) साधारण १०००:१ असतो, व्हीए प्रकारच्या पॅनेलचा ३०००:१ च्या आसपास. रात्री दिवे घालवून सिनेमे पाहणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा, पृष्ठभाग नंतर.

मॅट स्क्रीनवर शिंकताना उडालेला बारीक थेंब कधी जवळून पाहा. पाण्याने खरखरीतपणा भरून निघतो, तेवढाच भाग ग्लॉसी होतो आणि थेंबात लाल-हिरवे-निळे ठिपके स्वच्छ दिसतात. मॅट म्हणजे नेमकं काय, ते तिथे कळतं.

प्रश्न: माझ्या खुर्चीच्या मागे मोठी खिडकी आहे. दुपारी ग्लॉसी स्क्रीनवर अक्षरांपेक्षा खिडकीच जास्त दिसते, डोळे दुखतात. मॅट मॉनिटर घेतला तर त्रास जाईल?

कमी होईल, जाणार नाही. काचेसारखा गुळगुळीत पृष्ठभाग समोरून आलेल्या उजेडापैकी सुमारे ४% परत पाठवतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण खिडकीतून दिसणारं उजळ आकाश सहज ४००० निट्सचं (निट हे पृष्ठभाग किती उजळ दिसतो ते मोजण्याचं एकक) असू शकतं आणि त्याचे ४% म्हणजे १६० निट्स. घरगुती मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसला बहुधा २५० ते ३५० निट्स देतो. मग पानाच्या गडद भागात खिडकीच उठून दिसणार. डार्क मोडमध्ये तर जास्तच, म्हणून अशा जागी पांढऱ्या पार्श्वभूमीवर काम करणं बरं.

शिवाय सपाट पृष्ठभागातलं प्रतिबिंब, वस्तू जितकी पुढे असते तितकंच मागे दिसतं. खिडकी स्क्रीनपासून ३ मीटरवर असेल तर तिचं प्रतिबिंब स्क्रीनच्या ३ मीटर मागे, आणि अक्षरं मात्र डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर. दोन्ही एकाच जागी दिसतात आणि नजर कुठे स्थिरावावी ते ठरत नाही. मॅट स्क्रीनवर खिडकीची चौकट दिसणार नाही, पण तिच्या जागी पसरट पांढुरका डाग येईल. थेट ऊन पडलं तर सगळं चित्रच फिकं पडेल.

म्हणून खर्च करण्याआधी टेबल फिरवा. त्रास होतो त्याच वेळी स्क्रीन बंद करून नेहमीच्या जागी बसा. काळ्या स्क्रीनमध्ये जे जे उजळ दिसतं, ते सगळं हटवायचं किंवा झाकायचं आहे. खिडकी पाठीमागे नको आणि स्क्रीनच्या मागेही नको, ती डाव्या किंवा उजव्या हाताला यावी. छतावरचा दिवा दिसत असेल तर स्क्रीनची वरची कड किंचित पुढे झुकवा.

मग कोरा पांढरा कागद स्क्रीनच्या बाजूला धरा, स्क्रीनवर रिकामं पान उघडा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी-जास्त करा. ५०० लक्सच्या (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचं एकक) उजेडातही पांढरा कागद जेमतेम १२५ निट्सचा असतो, त्यामुळे ब्राइटनेस बरीच खाली येईल. टेबल फिरवणं शक्यच नसेल तर मात्र मॅट आणि जाड पडदा, दोन्ही हवेत.

प्रश्न: माहितीपत्रकात ‘अँटी-ग्लेअर, हेझ २५%, ३एच’ लिहिलं आहे. दुसऱ्या मॉनिटरवर ‘अँटी-रिफ्लेक्टिव्ह’ आहे. एकच ना?

एक नाही, आणि ही गल्लत महागात पडते. अँटी-ग्लेअर उजेड विखुरतो. अँटी-रिफ्लेक्टिव्ह लेप उजेड परत जाण्याचं प्रमाणच घटवतो: अत्यंत पातळ थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. चष्म्याच्या काचेवर हिरवट-जांभळी झाक दिसते ती अशाच लेपाची. ग्लॉसी स्क्रीनवर असा लेप असेल तर ती साध्या ग्लॉसीपेक्षा खूपच सुसह्य होते.

हेझ म्हणजे आरपार जाणाऱ्या उजेडापैकी किती उजेड वाटेत विखुरतो त्याचं प्रमाण. २५% हा नेहमीचा मॅट. आकडा लहान असेल तर अक्षरं रेखीव, पण प्रतिबिंबही जास्त. ३एच हा पेन्सिलच्या मापाने मोजलेला कठीणपणा, चमकेशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न: नव्या मॅट मॉनिटरवर पांढरं पान रवाळ, चमचमतं दिसतं. बिघाड आहे का?

डोकं हळूच डावीकडे-उजवीकडे हलवा. चमचम जागा बदलत असेल तर ती मॅट पृष्ठभागाची आहे. बिघडलेला पिक्सेल जागचा हलत नाही. खरखर जाड आणि पिक्सेल बारीक असले की हे जास्त जाणवतं. पसंत नसेल तर मुदतीत बदलून घ्या. ओल्या कागदाने मॅट थर सोलून काढण्याचा उपाय सांगितला जातो, तो करू नका. त्या थराखालीच पोलरायझर आहे. तो निघाला किंवा फाटला तर तिथे चित्रच उमटत नाही.

प्रश्न: ग्लॉसी स्क्रीनवर मॅट फिल्म चिकटवावी का?

टचस्क्रीन नसेल तर हरकत नाही, अक्षरं थोडी मऊ पडतील एवढंच. माप इंचांतल्या कर्णावरून घेऊ नका, उजळणाऱ्या भागाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा. १६:९ आणि १६:१० चा कर्ण सारखा असला तरी उंची वेगळी असते. पंखा बंद ठेवा, हवेतली धूळ खाली बसू द्या. मायक्रोफायबरने स्क्रीन पुसा, उरलेले कण चिकटपट्टीने टिपा. संरक्षक कागद वरून ४-५ सेंटिमीटरच सोला, कड सरळ बसवा आणि मग कागद ओढत ओढत कार्डाने खाली दाबत या. बुडबुडा कडेकडे सरकतो, धुळीचा कण सरकत नाही. तो दिसला की तेवढा भाग उचलून कण चिकटपट्टीने काढा.

प्रश्न: पुसायचं कशाने?

दोन्ही प्रकारांना डिस्टिल्ड पाण्याने जेमतेम ओलसर केलेलं मायक्रोफायबर. पाणी कापडावर घ्या, स्क्रीनवर फवारू नका. खालच्या कडेतून ते आत उतरतं. अमोनिया असलेला काच-क्लीनर लेप खराब करतो. मॅटवर एकाच जागी जोर लावून घासलं तर खरखर झिजून चकाकता ठिपका पडतो, आणि तो पुन्हा मॅट करता येत नाही.